आतून उघडलेलं कुलूप

इराजा, रिओ
१९ मार्च २००९

ओदेते वहिनीस,

माकाएला नीट पोचलीस का, रोझिलेनेचं पोट किती खाली आलंय, काहीच कळवलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. फोन करू नकोस. मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते. शिवाय सध्या घरात कायम कोणी ना कोणी असतं, आणि कोणाच्या देखत काय बोलावं, याचा मला भरवसा उरलेला नाही.

तू मंगळवारी गेलीस आणि बुधवारी मी चौकीत गेले. तिथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. रविवारी आम्ही सगळे नितेरोईला मयताला गेलो होतो, घरात तू एकटी, तीही डोकं दुखतं म्हणून मागच्या खोलीत. चार वाजता तू तुझ्या येशूच्या प्रार्थनेला गेलीस. सहाला आम्ही परतलो तर फाटक सताड उघडं, देवीपुढच्या तिन्ही ढोलांची कातडी फाडलेली, पूजेचे पांढरे कपडे अंगणात चिखलात, आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेलं, 'सैतानाचं घर'. त्याच्या खाली माझ्या रंगावरून जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. आणि देवीचं मडकं.

टेबलामागचा तो कारकून म्हणाला, "आजी, मडकीच फुटली ना? माणूस तर नाही फुटला."

मी म्हटलं, "लेका, त्या मडक्यातला दगड म्हणजेच आमची देवी, माझ्या आईने तो बाईयाहून मांडीवर ठेवून आणला. तीन दिवसांचा प्रवास. त्याचे कोणीतरी घणाने चार तुकडे केलेत."

त्याने लिहिलं, 'शेजाऱ्यांशी भांडण, किरकोळ मोडतोड.' मी सही केली नाही. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "कुलूप तुटलेलं नाही, आजी. फाटक किल्लीने उघडलंय. तुमच्याच माणसांत बघा आधी."

वहिनी, तो माणूस उद्धट आहे, पण हे खोटं बोलला नाही. किल्ल्या तीन. एक माझ्या गळ्यात. दुसरी तुझी, ती तू जाताना स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावून गेलीस, ती तिथेच आहे. तिसरी जेनिवाल्दोकडे, ढोलांसाठी. आणि मडकं तर पडद्यामागच्या कोनाड्यात होतं. बाहेरचा माणूस आला तर ढोल फोडेल, मूर्ती फोडेल. तो पडदा बाजूला सारून आत हात कसा घालेल?

मी आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. तू चार वाजता निघालीस तेव्हा फाटकाला कुलूप लावलंस ना? गल्लीत कोणी उभं होतं का? आठवून लिही.

झुल्मिरा


माकाए
३० मार्च २००९

ताईंना सप्रेम नमस्कार,

पत्र मिळालं. उशीर झाला त्याबद्दल रागावू नका, रोझिलेनेला मुलगी झाली, सव्वातीन किलो, डोकं आमच्या ह्यांच्यासारखं मोठं. बाळ रडतं तेव्हा जावई घरातून बाहेर जातो आणि गप्प झालं की परत येतो. सगळं माझ्यावरच आहे.

कुलूप मी लावलं होतं. दोनदा ओढून पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेले आणि शंका आली म्हणून परत येऊन तिसऱ्यांदा पाहिलं. गल्लीत कोणीच नव्हतं, ऊन किती होतं ते तुम्हांला माहीत आहे. डोकं दुखत होतं म्हणून मी खालीच बघत चालले होते.

जेनिवाल्दोबद्दल मी बोलावं असं नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून. हे गेल्यावर मोठा ढोल त्याला मिळेल असं त्याला वाटत होतं आणि तुम्ही तो दुसऱ्याला दिलात. कार्निव्हलनंतर तो अंगणात एकटाच उभा राहून काहीतरी पुटपुटत होता, ते मी भांडी घासताना ऐकलं होतं. काय म्हणाला ते कळलं नाही. माणसाच्या मनात काय असतं कोणाला ठाऊक.

ताई, चौकीत परत जाऊ नका. असल्या तक्रारींचं काही होत नाही असं जावई म्हणतो. उलट ज्याने केलं तो चिडतो. भिंत रंगवून टाका, ढोलांना नवं कातडं लावा. तुमचं वय झालं, रक्तदाबाची गोळी घेता की नाही?

तुमची,
ओदेते


इराजा
१४ एप्रिल २००९

वहिनी,

नातीचं ऐकून बरं वाटलं. वाल्दिरचं डोकं आलंय तर ती हट्टी निघणार.

भिंत मी रंगवलेली नाही. रंगवूही देणार नाही, कारण मारिल्दाबाई म्हणाल्या, तोच पुरावा आहे. ह्या सरकारी मोफत वकीलबाई. चाळिशीच्या असतील, टेबलावर कागदांचा ढीग, आणि ढिगाच्या वर कपातली गार कॉफी. त्यांनी माझं सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग विचारलं, "माई, चौकीत काय लिहिलं?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, पर्स उचलली आणि माझ्याबरोबर चौकीत आल्या.

तोच कारकून. मारिल्दाबाई उभ्याउभ्याच बोलल्या, "मोडतोड लिहिलीत तर उद्या दोन्ही बाजूंना बसवून समेट करून मोकळे व्हाल. ही मोडतोड नाही. धर्मावरून आणि रंगावरून केलेला गुन्हा आहे. एकोणनव्वदचा कायदा, कलम वीस. एक ते तीन वर्षं कैद. लिहा, नाहीतर तुम्ही लिहायला नकार दिलात हे मी लिहून घेते." त्याने लिहिलं. भिंतीचे फोटो, पंचनामा, सगळं झालं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक लक्षात घ्या. ह्या गुन्ह्याला मुदत नाही, वीस वर्षांनीही खटला चालतो. आणि तुम्हांला तक्रार मागे घेता येणार नाही. उद्या तुम्ही माफ केलंत तरी सरकार माफ करणार नाही." मी म्हटलं, "मी कशाला माफ करीन?"

समोरचे आन्सेल्मो आजोबा शेवटी बोलले. महिनाभर त्या माणसाने खिडकीचा पडदा उघडला नव्हता. त्यांनी त्या दिवशी पाच वाजता एक पांढरी गाडी पाहिली, चार माणसं. गाडी तुमच्या प्रार्थना मंडळातल्या जोझिमारची, त्याच्या हार्डवेअरच्या दुकानाची. तू त्याला ओळखतेस. जोझिमार चौकीत म्हणाला, "फाटक उघडंच होतं, आम्ही प्रार्थना करायला गेलो, सगळं आधीच फुटलेलं होतं." मारिल्दाबाई म्हणतात, किल्ली कोणी दिली ते कळलं नाही तर तो ह्याच बोलण्यावर सुटेल.

तू लिहिलंस ते मी जेनिवाल्दोबद्दल चौकीत सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, माझंच निरीक्षण म्हणून सांगितलं. त्याला घरात यायची बंदी केली. तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "माई, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही." मी म्हटलं, "विचारून खरं कोण सांगतं?"

तुमच्या मंडळात काय बोलणं चालू आहे? तुला तिथल्या बायका पत्रं लिहीत असतील.

झुल्मिरा


माकाए
३ मे २००९

ताईंना नमस्कार,

मंडळातलं मला काही कळत नाही. मी इकडे आल्यापासून कोणाशी संबंध नाही.

म्हणजे एकीचं पत्र आलं. नाव लिहीत नाही, तिने घातलेली शपथ आहे. तिची एक ओळखीची बाई आहे, ती फार घाबरलेली आहे. त्या बाईकडे कोणीतरी किल्ली मागितली आणि तिने दिली. ती स्वतः तिथे नव्हती. तिने काहीच फोडलं नाही, दगडाला हातही लावला नाही. ती लांब दुसरीकडे होती. अशा बाईला कायद्यात काय होतं, हे तुमच्या वकीलबाईंना विचाराल का? तिला वाटलं असेल की ते फक्त प्रार्थना करतील आणि तेल शिंपडून निघून जातील, तर? आणि तिने आपणहून सांगितलं तर कमी होतं का, की सांगून उलट अडकते? आणि घरात तान्हं मूल असेल तर बघतात का?

मी फक्त विचारते. तिची दया येते.

जेनिवाल्दोला तुम्ही बंदी केलीत हे वाचलं. मी तसं काही म्हटलं नव्हतं ताई, मी फक्त पुटपुटला म्हटलं होतं. माणूस गाणंसुद्धा पुटपुटतो.

बाळाला घामोळं आलंय.

ओदेते


इराजा
२० मे २००९

वहिनी,

शेवटी एक धागा हाताला लागला. ही घाबरलेली बाई कोण ते मी सांगते, तू शपथ मोडू नकोस. जेनिवाल्दोची बायको. तिची बहीण तुमच्या मंडळात जाते, हे मी विसरले होते. नवऱ्याच्या खिशातली किल्ली काढून देणं किती सोपं. म्हणून तो फाटकाशी तसा बोलला, त्याला स्वतःला माहीत नसेल, पण बायकोचं तोंड त्याने पाहिलं असेल.

चौकीतून त्याच्या शाळेत विचारणा गेली. तो रात्रपाळीचा पहारेकरी, मुलांच्या शाळेत असल्या भानगडीतला माणूस नको म्हणून त्यांनी त्याला काढलं. परवा तो मला बाजारात दिसला, भेंडी निवडत होता. मला पाहून त्याने निवडलेली भेंडी परत ढिगात टाकली आणि गेला.

मला थोडं वाईट वाटलं. पण बायकोचं निघालं तर त्याला सोसावं लागणारच.

तुझं पत्र मी शुक्रवारी मारिल्दाबाईंना दाखवते आणि प्रश्नांची उत्तरं कळवते. त्या बाईचं नाव काढून घे, शपथ असली तरी. इथे चौघे सुटायची वेळ आलीय.

झुल्मिरा


इराजा
२३ मे २००९

ओदेते,

मारिल्दाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "माई, तुमची भावजय फार नेमके प्रश्न विचारते." मी म्हटलं, "बावीस वर्षं माझ्याकडे आहे, शहाणी आहे." मग म्हणाल्या, "हे पत्र जपून ठेवा. आणि मला आज हे दाखवलं नाहीत असं मी समजते."

मी बसमध्ये बसले. मादुरेरापर्यंत जेनिवाल्दोच्या बायकोचाच विचार करत होते. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. दगडाचं मी तुला लिहिलं होतं, ते तिला कोणी सांगितलं? आणि त्या बाईच्या घरात तान्हं मूल आहे. जेनिवाल्दोची धाकटी बारा वर्षांची आहे.

मी माझ्या थांब्यावर उतरले नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. काय करणार हे माहीत नसताना किल्ली दिली असेल तर गुन्हा नाही. माहीत असून दिली असेल तर ती त्या चौघांच्याच गुन्ह्यात भागीदार, वाटा लहान म्हणून शिक्षा कमी. आपणहून सांगितलं तर अजून कमी. तान्ह्या मुलाचं मी विचारलं नाही.

आता माझा एकच प्रश्न आहे आणि तो तुला माहीत आहे.

झुल्मिरा


माकाए
२९ जून २००९

ताई,

एक महिना हा कागद काढते आणि ठेवते.

किल्ली मी दिली. जोझिमार म्हणाला, घरातला अंधार जाईल, तुमच्या ताईही सुटतील, आम्ही हात जोडून प्रार्थना करू आणि निघू. मी चार वाजता कुलूप लावून निघाले आणि किल्ली त्याला दिली, तो प्रार्थनेनंतर मला ती परत देऊन गेला. मी घरी आले तेव्हा तुम्ही अंगणात खाली बसला होतात आणि कपडे गोळा करत होतात. मला वाटलं, मी तिथेच मरते. दोन दिवस मी तुमच्या समोर कॉफी ठेवली, तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू घरात नव्हतीस हे बरं झालं, तुला मारलं असतं त्यांनी." मला ते सहन झालं नाही म्हणून मी आले. बाळंतपणाला अजून दोन आठवडे होते.

मला माहीत नव्हतं ताई. त्या बाईला माहीत नव्हतं, हेच तुम्ही वकीलबाईंना सांगा.

ओदेते


इराजा
७ जुलै २००९

ओदेते,

पडदा कोणी दाखवला?

जोझिमार आमच्या घरात कधी आला नाही. तो आणि त्याची माणसं सरळ कोनाड्याकडे गेली. मूर्ती तर वरवर पाडल्यात, दोन नुसत्या आडव्या केल्यात. वेळ गेला तो सगळा त्या दगडावर. घण त्यांनी दुकानातून आणला होता. प्रार्थनेला जाणारा माणूस घण नेतो का?

अर्धं खरं पाठवू नकोस. अर्ध्यावर मी तीन महिने एका निर्दोष माणसाला जाळलंय.

झुल्मिरा


माकाए
१८ जुलै २००९

ताई,

मी सांगितलं.

जोझिमारने विचारलं, तिथे सगळ्यात मोठी गोष्ट कोणती. मी म्हटलं, मूर्ती बाजारातल्या आहेत, त्या परत येतील. पडद्यामागे मडकं आहे. त्यातला दगड परत येणार नाही. तुम्हांला सगळ्यात जास्त कशाने लागेल, हे बावीस वर्षांत मला कळलं होतं. तो म्हणाला, मग तेच. मला त्याचा अर्थ कळला होता. घण मी पाहिला नव्हता, पण अर्थ कळला होता.

का, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. हे गेले त्या सणात त्यांनी तीन दिवस ढोल वाजवला. तिसऱ्या दिवशी दुपारी ओठ निळे पडले होते, मी फाटकाशी उभं राहून तुम्हांला खूण केली, बास करा म्हणून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तोंड फिरवलंत. देवी तुमच्या अंगात आली होती, तिला ढोल हवा होता. संध्याकाळी हे गेले. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, देवीने त्याला बोलावून घेतलं, केवढं भाग्य. मी तीन वर्षं त्याच घरात तुमची भांडी घासली आणि ते भाग्य ऐकलं.

मंडळात मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "बाई, तुझा नवरा कशाने गेला?"

ह्याने माझं पाप कमी होत नाही, हे मला माहीत आहे. जेनिवाल्दोचं मी मुद्दाम लिहिलं. घाबरून लिहिलं, पण मुद्दाम.

तक्रार खरंच मागे घेता येत नाही का?

ओदेते


इराजा
२ ऑगस्ट २००९

ओदेते,

तुझं पत्र आल्यापासून मी कोणाला भेटलेले नाही. दारावर आलेल्यांना सांगितलं, माई आजारी आहे.

तू खूण केलीस ती मी पाहिली होती. मला सगळ्यांनी आजपर्यंत विचारलं आणि मी सांगत आले, देवी अंगात असताना मला काही दिसत नाही. त्या वेळी मला दिसलं होतं. आणि अजून एक आहे. सणाच्या आधी वाल्दिर मला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून गेला होता. हृदय मोठं झालंय, वजन उचलू नये, ढोल तर नाहीच. म्हणाला, "ताई, ओदेतेला सांगू नकोस, ती मला खोलीत कोंडून ठेवेल." मी सांगितलं नाही. अंगणात त्या वर्षी तीनशे माणसं यायची होती आणि त्याच्यासारखा हात रिओत दुसऱ्या कोणाचा नव्हता. मीच त्याला म्हटलं, हळू वाजव. ढोल हळू वाजतो का?

हे तुला आधी सांगितलं असतं तर तू मला झोडपलं असतंस आणि मडकं वाचलं असतं. कदाचित.

पण ही वेगळी गोष्ट आणि ती वेगळी. तुला माझा राग होता तर माझ्या तोंडावर थुंकायचंस. तू ज्यांना आत घेतलंस त्यांना वाल्दिरचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी भिंतीवर काय लिहिलं ते तू वाचलंस. माझ्या कातड्यावरून जे लिहिलं, तेच कातडं तुझ्या नवऱ्याचं होतं आणि तुझ्या नातीचं आहे.

तक्रार मागे घेता येत नाही. येत असती तरी घेतली नसती.

तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. मारिल्दाबाईंना अजून दिलेली नाहीत. देणार नाही असं मी म्हणत नाही. सरकारी वकील सप्टेंबरच्या पंधरा तारखेला कागद न्यायालयात टाकणार. जेनिवाल्दोचं नाव त्यात आहे, संशयित म्हणून. तोपर्यंत तू आपणहून गेलीस तर तू गेलीस. नाही गेलीस तर मी ही पत्रं घेऊन जाईन, त्यात माझंही जे आहे त्यासकट.

झुल्मिरा


माकाए
११ सप्टेंबर २००९

ताई,

काल गेले. रोझिलेने बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं.

इथल्या चौकीतल्या माणसाला कळेच ना. "तक्रार कोणाविरुद्ध?" मी म्हटलं, "ओदेते द सिल्वेइरा." "ती कुठे राहते?" मी म्हटलं, "ती इथेच बसलीय." त्याने लेखणी खाली ठेवली. "बाई, स्वतःविरुद्ध तक्रार घ्यायचा रकाना नाही माझ्याकडे." मग त्याने मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, कोणी धमकावलंय का तुम्हांला. मी नाही म्हटलं. मला वाटलं तुम्हांला ते वाचून थोडं हसू येईल.

जबाब सात पानांचा झाला. पडद्याचं सांगितलं. जेनिवाल्दोबद्दल मी खोटं सुचवलं तेही लिहून घ्यायला लावलं, साहेब म्हणत होते त्याची गरज नाही. मी म्हटलं, आहे.

आज जबाब रिओला पाठवणार आहेत. जावई माझ्याशी बोलत नाही. मला मंडळातून निरोप आलाय, परमेश्वराशी गद्दारी केलीस म्हणून. जोझिमारच्या बायकोने पाठवलाय.

भीती वाटते. पण आता झोप लागते.

ओदेते


इराजा
६ जून २०११

ओदेते,

न्यायालयात आपण एका बाकावर बसलो नाही आणि नंतर तू बस पकडायला निघून गेलीस, म्हणून हे लिहिते.

निकालाची प्रत मारिल्दाबाईंनी मला वाचून दाखवली, कारण न्यायाधीश तोंडातल्या तोंडात बोलत होते आणि मला काही ऐकू आलं नाही. जोझिमार आणि तिघांना प्रत्येकी एक वर्ष आठ महिने. ते तुरुंगात काढायचे नाहीत, दर शनिवारी एका इस्पितळात फरशी पुसायची आणि ढोल, कपडे, मूर्ती ह्यांची भरपाई करायची. अंगणातले काही भक्त नाराज झाले. त्यांना तो गजांआड हवा होता. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू. पण कागदावर काय लिहिलंय ते मी मारिल्दाबाईंकडून तीनदा वाचून घेतलं. भांडण लिहिलेलं नाही, मोडतोडही नाही. धर्माच्या आणि वंशाच्या द्वेषातून केलेला गुन्हा, असं लिहिलंय, खाली शिक्का आहे. तो कागद मी काचेत घालून फाटकाच्या आतल्या बाजूला लावलाय. भिंत त्यानंतर रंगवली.

जोझिमारच्या वकिलाने तुला उभं करून विचारलं, "तुम्ही नणंदेच्या धाकाने बोलताय ना?" तू म्हणालीस, "धाक असता तर किल्ली दिलीच नसती." ते मात्र मला ऐकू आलं. माझ्या मागे कोणीतरी हसलं.

तुझा खटला दोन वर्षं स्थगित ठेवलाय, अटी पाळल्यास तर बंद होईल, असं बाई म्हणाल्या. दर महिन्याला माकाएच्या न्यायालयात जाऊन सही. चुकवू नकोस. आजारी असलीस तर डॉक्टरांचा कागद दे. एक सही चुकली तरी सगळं पुन्हा उघडतं.

देवीसाठी नवा दगड नदीवरून आणलाय. आईचा तो नाही, पण देवी नाराज दिसत नाही. तुला इकडे ये असं मी आज म्हणत नाही. म्हणावंसं वाटेल तेव्हा लिहीन, वाटलं तर.

आता जेनिवाल्दोचं. संशयितांच्या कागदातून त्याचं नाव काढलं त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे गेले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. शाळेने त्याला परत घेतलं नाही, त्या जागी दुसरा आला होता. तो आता बांधकामावर विटा उचलतो, छप्पन्नाव्या वर्षी. मी म्हटलं, मला भावजयीने फसवलं. तो म्हणाला, "माई, तिने पुटपुटला म्हटलं. चौकीत जाऊन माझं नाव तुम्ही सांगितलंत. तिथल्या माणसाने मला तुमच्या सहीचा कागद दाखवला." मी म्हटलं, मोठा ढोल तुझा आहे, ये. त्याच्या बायकोने कॉफी आणली, साखर माझ्या अंदाजाने घातलेली, तिला माझी सवय माहीत आहे. मी कॉफी प्यायले. ढोलाला तो आला नाही.

त्यानंतर दर महिन्याला जाते. तो असतो कधी, नसतो कधी. असला की आम्ही सांध्यांच्या दुखण्याबद्दल बोलतो. ढोलाचा विषय मी काढत नाही.

परवा मारिल्दाबाईंना विचारलं, खोट्या संशयावरून एखाद्याचं नाव घेतलं तर काय कलम लागतं. त्या म्हणाल्या, "माई, खोटं आहे हे माहीत असून घेतलं असतंत तर होतं. तुम्हांला खरं वाटलं होतं. तुमचा गुन्हा नाही." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

तुला एक तारीख आहे, एक टेबल आहे, समोर एक माणूस वही उघडून बसलेला असतो. दोन वर्षांनी तो वही मिटेल. मी कुठे जाऊन सही करायची, ते त्या कायद्यात कुठे सापडलं नाही.

नात आता काय काय बोलते ते कळव.

झुल्मिरा